अंगणातील लहान मॅग्नोलिया: लवकर येणारी फुले फ्रॉस्टपासून कशी वाचवावीत?

मृणाल_एडिसन

नमस्कार. मध्य न्यू जर्सीतील आमच्या घरासमोर लहानसे अंगण आहे. तेथे हिवाळा सरताच फुलणारे, पण फार उंच न जाणारे मॅग्नोलियाचे झाड लावण्याची इच्छा आहे. सोनचाफा येथे कुंडीत वाढवावा लागतो आणि थंडी पडू लागली की घरात घ्यावा लागतो. त्यामुळे त्याच्याच कुळातले एखादे झाड जमिनीत, उघड्यावर वाढावे, असे मनापासून वाटते. अडचण अशी की आमच्या गल्लीतील एक मोठा मॅग्नोलिया गेल्या वसंतात ऐन बहरात असताना एका रात्रीच्या फ्रॉस्टने, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीने, पूर्ण तपकिरी पडला. आमच्या दक्षिणेकडील भिंतीलगत दिवसभर ऊन असते आणि वाऱ्यापासून आडोसाही मिळतो. तेथे झाड लावल्यास फुले वाचतील का? माती चिकण आहे. कोणते झाड निवडावे आणि लागवड केव्हा करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिरवा_परसू

मृणालताई, आपल्या गरजेला स्टार मॅग्नोलिया, म्हणजेच मॅग्नोलिया स्टेलाटा, सर्वांत योग्य वाटतो. मात्र दक्षिणेची भिंत अवश्य टाळावी. तापलेल्या भिंतीजवळ फेब्रुवारी-मार्चमधील चार उबदार दिवसांतच कळ्या फुगतात आणि फ्रॉस्टचा धोका टळण्याच्या कितीतरी आधी उमलून बसतात. बंद कळीवर करड्या रंगाच्या दाट लवेचे आवरण असते, ते हाताला मांजराच्या पिल्लाच्या कानासारखे लागते, आणि त्याच्या आत कळी हिवाळाभर कडाक्याची थंडी सोसते. आवरण गळून पाकळ्या बाहेर आल्या, की पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला तरी त्या करपतात. झाडाला याने अपाय होत नाही, त्या वर्षीचा बहर तेवढा जातो. शिवाय सगळ्या कळ्या एकाच दिवशी उमलत नसल्यामुळे मागाहून उमलणाऱ्या कळ्या पुष्कळदा वाचतात.

म्हणून अशी जागा शोधावी, जेथे मार्चमध्ये घराची सावली काही वेळ पडते आणि उन्हाळ्यात भरपूर ऊन मिळते. घराच्या वायव्येला, भिंतीपासून थोडी दूर अशी जागा बहुधा सापडते. अंगणाचा सखल कोपराही नको, कारण रात्रीची थंड हवा उतरून तेथेच साचते.

हे झाड मूळचे जपानमधील होन्शू बेटावरचे आहे. नागोयाच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये, ओढ्यांच्या काठी आणि दलदलीच्या जागी ते वाढते, आणि तेथील नैसर्गिक अधिवासात आता ते दुर्मीळ होत चालले आहे. अमेरिकेत ते १८६२ मध्ये जॉर्ज रॉजर्स हॉल यांनी आणले. ओलावा त्याला मानवतो, त्यामुळे आपल्या चिकण मातीची फार चिंता नसावी. पाणी तुंबून राहत नाही आणि माती किंचित आम्लधर्मी आहे, एवढे मात्र पाहून घ्यावे.

सदाफुली

मी आणखी एक पर्याय सुचवते. वॉशिंग्टन येथील नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात फ्रान्सिस डी व्होस आणि विल्यम कोसार यांनी १९५५-५६ मध्ये स्टेलाटा आणि लिलिफ्लोरा या मॅग्नोलियाच्या दोन जातींचे संकर केले. त्यांतून अ‍ॅन, बेटी, जेन, ज्युडी, पिंकी, रँडी, रिकी आणि सुझन हे आठ वाण निघाले. स्टार मॅग्नोलियापेक्षा ते दोन ते चार आठवडे उशिरा फुलतात, आणि फुले फ्रॉस्टच्या तडाख्यातून वाचावीत हाच या संकरामागील एक हेतू होता. जेन त्यांतही उशिरा येते. तिच्या पाकळ्या बाहेरून जांभळट लाल आणि आतून पांढऱ्या असतात. स्टार मॅग्नोलियाच्या शुभ्र, अरुंद, डझनाहून अधिक पाकळ्यांच्या फुलाची सर तिला नाही, हे मी मान्य करते. तरीही आपली जागा उघडी असेल, तर माझे मत जेनलाच राहील.

हिरवा_परसू

सदाफुली यांच्याशी मी सहमत आहे. आता लागवडीविषयी. मॅग्नोलियाची मुळे जाड, मांसल आणि दोरासारखी असतात, त्यांना फाटे कमी फुटतात आणि ती तुटली की भरून यायला फार वेळ लागतो. म्हणून रोप वसंतात लावावे, म्हणजे मुळांना पूर्ण हंगाम मिळतो; आणि जागा कायमची ठरवूनच लावावे, कारण वाढलेले झाड हलवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, पण त्याहून खोल नको; खोड जेथे मुळांकडे रुंदावते तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. वर सालीच्या तुकड्यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि तो खोडाला टेकू देऊ नये. मुळे उथळ असल्यामुळे झाडाखाली दरवर्षी खणून हंगामी फुलझाडे लावणे टाळावे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्यावे.

मृणाल_एडिसन

आपणा दोघांचे आभार. वायव्येची जागा मोकळी आहे, पण जवळच खिडकी आहे. फांद्या खिडकीवर आल्या तर शिशिरात छाटता येतील का?

सदाफुली

शिशिरात छाटल्यास पुढचा बहरच कापला जाईल, कारण पुढील वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात. छाटणी फुले ओसरताच करावी आणि तीही बेताची. खिडकीपासून दहा फूट अंतर ठेवल्यास तिची फारशी गरज पडणार नाही.

एका किडीकडे मात्र दरवर्षी लक्ष असू द्यावे. उन्हाळ्यात फांद्या चिकट लागू लागल्या, त्यांवर मुंग्यांची रांग दिसली आणि पानांवर काजळी धरली, तर डहाळी जवळून पाहावी. सालीला चिकटलेले तपकिरी, फुगीर खवले आढळल्यास ती मॅग्नोलियाची खवले कीड असते. तिची पिल्ले साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बाहेर पडतात आणि त्या वेळी ती अगदी नाजूक असल्याने बागेसाठी मिळणाऱ्या फवारणीच्या तेलाचा उपयोग होतो. थोडे खवले असतील तर मऊ ब्रशने खरवडून काढावेत.