नववीचं प्रगतिपुस्तक आधी शोधा

बारावीचं मार्क्सकार्ड आणि निबंध दिला की कॉमन अ‍ॅपचं (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन प्रवेश अर्ज) काम संपलं, असं कुणी कुणी म्हणतं. निबंधाचं पटतं. पण अमेरिकेतली छोटी कॉलेजं बहुतेक वेळा नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण मागतात, आणि आपल्या बेळगाव-खानापूरकडे घोडं तिथंच अडतं. पीयू कॉलेजच्या (अकरावी-बारावीचं कॉलेज) दप्तरात शेवटची दोनच वर्षं. नववी राहिली हायस्कुलात, तीही मराठीत. दहावीच्या बोर्डाच्या कार्डावर इंग्रजी असतं, ते सोपं.

हेडमास्तरांकडून नववीचे विषयवार गुण लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्या आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. सगळं प्राचार्यांकडे द्या, कारण काउन्सेलर (अर्जासाठी शाळा-कॉलेजतर्फे कागदपत्रं देणारी व्यक्ती) म्हणून अपलोड त्यांनाच करायचंय. विद्यार्थ्यानं स्वतः पाठवलेलं सहसा अधिकृत धरत नाहीत. अपलोडची लिंक कॉमन अ‍ॅपकडून प्राचार्यांच्या ईमेलवर जाते. तो ईमेल रोज कोण उघडतं (बहुधा क्लार्क!), तेही विचारून ठेवा.