प्रति: उद्देश नवा, मग पेटंट का नाही?
एकाने विचारलंय की इंधनात मिसळायच्या रसायनाचा (अ‍ॅडिटिव्हचा) उपयोग नवा असेल तर ते 'उघड', म्हणजे जाणकाराला सहज सुचण्याजोगं आणि म्हणून पेटंट न मिळणारं, कसं? अमेरिकेतला १९९०चा 'इन री डिलन' खटला बघा. त्यात डिझेलची काजळी कमी करायला टेट्रा-ऑर्थोएस्टर नावाचं रसायन घालायचं, यावर पेटंट मागितलं होतं. आधीच्या एका पेटंटात इंधनातलं पाणी काढायला त्याचंच भावंड ट्राय-ऑर्थोएस्टर होतं, दुसऱ्यात हायड्रॉलिक द्रवातलं पाणी शोषायला ट्राय आणि टेट्रा दोन्ही. काजळीचा उल्लेख कुठेच नाही! तरी अपील न्यायालयाने बहुमताने पेटंट नाकारणं कायम ठेवलं. ट्राय आणि टेट्राची रचना जवळची, दोन्ही पाणी काढतात म्हणून अदलाबदलीला कारणही होतं. मग टेट्राचा ट्रायपेक्षा काही अनपेक्षित फरक असेल तर तो अर्जदाराने दाखवायचा. तो दाखवलाच नाही, उलट अर्जातल्या माहितीनुसार काजळीवर ट्रायही तितकंच चालत होतं. गंमत म्हणजे निकाल लिहिणारे न्यायाधीश लॉरी आणि पेटंट नाकारण्याविरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीश न्यूमन, दोघेही रसायनशास्त्रातले डॉक्टरेट. मला न्यूमनबाईंचंच पटतं.