मदत हवी आहे: झिंक की ॲल्युमिनियम, डायचा खर्च कसा धरायचा?

मंडळी, भोसरी-चाकणकडे डाय कास्टिंगमधलं (डाय म्हणजे पोलादी साचा, त्यात वितळलेला धातू दाबाने भरतात) कोणी आहे का? तळहाताएवढा ब्रॅकेट ओतून घ्यायचाय, वर्षाला साधारण २०,००० नग. एडीसी-१२ (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) घ्यावं की झॅमॅक-३ (झिंकचा), इथेच अडलंय.

नुसत्या किलोच्या भावावर जाता येत नाही. झिंकची घनता ६.६, ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे तोच नग झिंकमध्ये जवळपास अडीचपट जड. पण झॅमॅक ३८०-३९० अंशांनाच वितळतं, हॉट चेंबर मशीनवर (यात धातू मशीनमध्येच वितळलेला असतो) शॉट, म्हणजे एकेक ओतणी, भराभर पडतात आणि डाय कितीतरी जास्त टिकते. ॲल्युमिनियमच्या उष्णतेने एच-१३ या खास पोलादाची डायसुद्धा हळूहळू तडकते. शिवाय झिंकमध्ये भिंत पातळ ठेवता येते, मग वजनाचा फरक थोडा भरून निघेल का?

दोन कोटेशन आलीत. एकात सिंगल कॅव्हिटी (एका शॉटला एकच नग), दुसऱ्यात डबल. तुलना करायची कशी, देव जाणे. बाजूच्या भोकासाठी स्लाइड (डायमधला सरकता भाग) घ्यावी की ते नंतर ड्रिल करावं? नगाच्या कडेचा जादा धातू कापणाऱ्या ट्रिमिंग टूलचे पैसे वेगळे लावतात का? आणि डायचे पैसे आपण भरले तर मालकी, देखभाल आणि शॉटची हमी (डाय किती शॉट टिकेल) पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, कशी लिहून घेता?

गाळ्यावर येऊन ड्रॉइंग दाखवायची तयारी आहे, चहा माझ्याकडून.