मदत हवी आहे: म्हाताऱ्या उंदीर-माद्यांची तुलना कोणत्या माद्यांशी करायची?

परभणीत प्राणिशास्त्राचा एमएस्सीचा प्रकल्प करतेय. विस्टार (प्रयोगशाळेतली एक जात) उंदीर, ४ आणि २० महिन्यांचे. रक्तातली एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरकं एलायझानं (प्रतिपिंडं वापरणाऱ्या चाचणीनं) मोजायचीयत. नरांचं निभावलं, गाडी अडलीय माद्यांवर.

तरण्या माद्यांचं प्रजननचक्र ४-५ दिवसांचं, म्हणून त्यांचं रक्त डायएस्ट्रसलाच (चक्राच्या शांत टप्प्यात) घेतलं. म्हाताऱ्यांच्या योनिस्रावाच्या स्लाइडवर मात्र रोज त्याच चपट्या, केंद्रक नसलेल्या पेशी. म्हणजे सततचा एस्ट्रस (माजाचा टप्पा)! अंडाशयाचं संप्रेरक इस्ट्रोजेन असं टिकून राहिलं की पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन वाढणारच. मग ही वाढ वयाची म्हणायची की इस्ट्रोजेनची?

हाताळणीच्या ताणानंही प्रोलॅक्टिन चढतं, त्यामुळं आधी सवय लावली, रक्त सकाळीच घेतलं. इस्ट्रोजेन थांबवायला अंडाशय काढायचं म्हटलं तर नैतिकता समितीची परवानगी नाही, तो सल्ला नको.

तर तुलनेला तरण्या माद्या डायएस्ट्रसमधल्या ठेवू, एस्ट्रसमधल्या घेऊ, की दोन्ही गट करून सोबत एस्ट्राडायोलही (मुख्य इस्ट्रोजेन) मोजू?