स्पॅनिशला रोज किती वेळ? 'पंधरा मिनिटं पुरे'वाल्यांनी आधी हिशेब करावा

हिशेबनीस

स्पॅनिश शिकायला रोज किती वेळ द्यावा, असं कुणालाही विचारा, हल्ली एकच ठरलेलं उत्तर येतं: "पंधरा मिनिटं दे, पण रोज दे." मोबाइलमधल्या डुओलिंगो अ‍ॅपचं हिरवं घुबडही तेच सांगतं. माझं म्हणणं उलटं आहे. पाटी कोरी असलेल्या माणसाला पहिले सहा-आठ महिने रोज किमान एक तास जमणार नसेल, तर त्याने खुशाल घुबडाशी खेळावं, पण 'स्पॅनिश शिकतोय' असं चारचौघांत सांगू नये.

आकडे देतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी नेमणुकीआधी भाषा शिकवते. इंग्रजी भाषकांना सर्वांत सोप्या जाणाऱ्या भाषांच्या गटात त्यांनी स्पॅनिश टाकली आहे, आणि तरीही ६०० ते ७५० तास धरले आहेत. आता रोज १५ मिनिटं म्हणजे वर्षाला ९१ तास. ६०० भरायला साडेसहा वर्षं. दहावी झालेलं पोरगं तेवढ्यात इंजिनिअर होऊन नोकरीला लागतं. अर्धा तास दिलात तर सव्वातीन वर्षं. एक तास दिलात तर वीस महिने. आणि यात विसरण्याची वजावट अजून केलेलीच नाही.

वजावट सगळ्यात जास्त सुरुवातीलाच असते. सोमवारी 'पोदेर'चं (शकणं) 'पुएदो' (मी शकतो) कसं झालं ते बघितलं, गुरुवारी पुन्हा गाठ पडली तर ओळख नाही. पंधरापैकी दहा मिनिटं कालचं उकरण्यात गेली की उरतं काय?

विरोध जरूर करा, पण आकडे घेऊन या.

सावकाश_माणूस

आकडेच घेऊन आलोय. ते ६००-७५० तास कुठवर पोचायचे आहेत, ते सोयीस्करपणे गाळलंत. तिथलं ध्येय म्हणजे व्यावसायिक कामकाज करता येईल इतकी भाषा: बैठकीत मुद्दा मांडता यावा, सरकारी कागद वाचता यावा. ज्याला माद्रिदला आठ दिवस फिरायचंय किंवा कंपनीतल्या मेक्सिकन सहकाऱ्याशी चार शब्द बोलायचेत, त्याला ही फूटपट्टी का लावायची? शिवाय त्या अधिकाऱ्यांना भाषा शिकण्याचाच पगार मिळतो. दिवसाचे चार-पाच तास वर्ग, वर स्वतःचा अभ्यास, दुसरं काम नाही.

आमच्याकडे माणूस हिंजवडीहून साडेआठला घरी टेकतो. त्याला तुम्ही तास सांगितलात की पहिल्या आठवड्यात सात तास होतात, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात लग्नसराई. मग वही माळ्यावर. वर्षाचे ९१ तास खरोखर केलेला माणूस यापेक्षा पुष्कळ पुढे असतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला, आणि एका बैठकीत कोंबण्यापेक्षा अंतरा-अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते हेही दाखवलं. गाण्याचा रियाज रोज थोडा का होईना चुकवू नये म्हणतात, ते उगीच नाही.

हिशेबनीस

रियाजाचं नाव काढलंत तेव्हा विचारतो, पंधरा मिनिटं रियाज करणारा गवई दाखवा एखादा. एबिंगहाउस अंतर ठेवा म्हणतो, कमी करा म्हणत नाही. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका करा की! एकूण तासच होतो.

तिरकस

पुण्यातल्या माणसाकडे मेक्सिकन सहकाऱ्याशी बोलायला विषय कोणता, तर पार्किंग. त्याला पंधरा मिनिटं पुरतील.

चष्मेवाली

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दोघांचंही वाचून हात शिवशिवले. ते ६०० तास इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी काढलेले आहेत. मराठी माणसाचा हिशेब वेगळा निघतो, आणि तो कुणी मांडतच नाही.

इंग्रजी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत 'मे गुस्ता' (मला आवडतं) समजवायला पानंच्या पानं जातात, कारण त्यांना 'मी कॉफीला आवडवतो' अशी रचना डोक्यातून काढून टाकावी लागते. आपल्याकडे 'मला कॉफी आवडते', 'मला पुस्तकं आवडतात'. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तसंच: मे गुस्ता एल काफे, मे गुस्तान लोस लिब्रोस. भूतकाळाच्या दोन तऱ्हांवरून इंग्रजीवाले कपाळ धरतात. आपण 'तो आला' आणि 'तो यायचा' हा फरक शाळेत जायच्या आधीच करतो. स्पॅनिशमधल्या बिनो आणि बेनिया यांतलं अंतर बरंचसं तेच आहे ('येत होता' लाही बेनियाच, तेवढं लक्षात ठेवायचं). आणि तो कुप्रसिद्ध सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगताना येणारं क्रियापदाचं रूप! 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' म्हणताना आपण 'येतोस' म्हणत नाही, वेगळं रूप वापरतो. किएरो के बेंगास म्हणताना तेही वेगळंच रूप वापरतात. लिंगं आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन. 'हुआनला बघितलं' पण 'घर बघितलं', हा माणूस-वस्तू भेदसुद्धा त्यांच्याकडे आहे. त आणि द दातांना जीभ लावून म्हणायला आपल्याला शिकवावं लागत नाही. वर बहुतेकांना इंग्रजी येतं, त्यामुळे 'नासिओन', 'इन्फोर्मासिओन' असे शेकडो शब्द फुकटात.

म्हणजे समजण्याचा वेळ वाचतो. वाचत नाही तो रूपं तोंडात बसण्याचा. प्रत्येक काळाची सहा रूपं, नेहमीच्या वापरातली क्रियापदं नेमकी अनियमित, आणि हे पुस्तकात बघून येत नाही, मोठ्याने म्हणूनच येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते: पाऊण तास, दोन तुकड्यांत. सकाळी पंधरा मिनिटं फेऱ्या मारत मोठ्याने क्रियापदं, घरचे हसले तरी. रात्री अर्धा तास वाचन आणि ऐकणं. रविवारी एक पान लिहायचं, आणि ते कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. तपासलं नाही तर त्या पानाचा फारसा उपयोग नाही.

तिरकस

वाख्यात, ई-आख्यात अशी मराठी क्रियापदांची रूपं पाठ करून घेणाऱ्या आमच्या बाईंना आज इथूनच दंडवत.

हिशेबनीस

चष्मेवाली, जमेची बाजू छान मांडलीत. खर्चाची कुठे आहे? 'सेर' आणि 'एस्तार' या दोन्हींना आपल्याकडे एकच 'आहे'. तिथे मराठी काडीची मदत करत नाही. 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणजे मला कंटाळा आलाय, आणि 'सोय आबुर्रिदो' म्हणजे मी कंटाळवाणा इसम आहे. मुलाखतीत दुसरं सांगून बसलात की संपलं. 'पोर' आणि 'पारा' यांचंही तेच, दोन्हींना आपलं 'साठी'. इकडे वाचवलेले तास तिकडे जातात. पाऊण तासावर आलात हे मात्र वाचलं. म्हणजे पंधरा मिनिटांपेक्षा माझ्याच जवळ आहात.

चष्मेवाली

जवळ आहे, पण कारण वेगळं आहे. तुम्ही तास भरताय, मी तोंडाचे व्यायाम मोजतेय. तासभर खाली मान घालून रंगीत पेनांनी नोट्स काढणारे माझ्याकडे दर बॅचला असतात. वह्या प्रदर्शनात ठेवाव्यात अशा. 'काल काय केलंस?' विचारलं की छताकडे बघतात.

रात्रपाळी

मी मेक्सिको आणि कोलंबियाच्या पुरवठादारांची बिलं बघतो, काम रात्री सुरू होतं. नोकरीला लागलो तेव्हा बी-वनचं, म्हणजे मधल्या पातळीचं, प्रमाणपत्र होतं, वाचन उत्तम होतं. पहिल्याच फोनवर समोरच्या बाईने बिलाचा नंबर जोड्या-जोड्यांनी सांगितला: सेसेन्ता इ सिएते, सेतेन्ता इ सेइस... साठ की सत्तर हे ठरवेपर्यंत पुढची जोडी निघून गेलेली. तीनदा 'ओत्रा बेस, पोर फावोर' (पुन्हा एकदा, प्लीज) म्हटल्यावर ती म्हणाली, मेल पाठवते.

२०११ साली फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी भाषांचा वेग मोजला होता. इंग्रजीत सेकंदाला साधारण सहा अक्षरं बोलली जातात, स्पॅनिशमध्ये जवळजवळ आठ. त्यात माणूस कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा असला तर शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतो. म्हणून माझं मत: वेळ कितीही द्या, त्यातला निम्मा कानाला. ज्या क्लासमधून मी ते प्रमाणपत्र मिळवलं, तिथे ऐकणं आठवड्यातून एकदा, तेही बाईंच्या सावकाश आवाजात.

आणि इंग्रजी सबटायटल लावून मालिका बघितली तो वेळ धरू नका. ते इंग्रजी वाचन झालं.

सावकाश_माणूस

मग मी बसमध्ये जाता-येता ऐकतो तो धरायचा की नाही? तो माझ्या पंधरा मिनिटांत कधीच मोजलेला नव्हता. हिशेबनीस टेबल-खुर्चीचाच वेळ वेळ मानतात, भांडण तिथून सुरू होतं.

रात्रपाळी

ऐकताना कळत असेल तर धरा. निम्म्याहून जास्त डोक्यावरून जात असेल तर तो नुसता आवाज. सोपं घ्या, तेच दोनदा ऐका.

ह्यूस्टनची_दातवाली

टेक्सासात दहातले चार जण हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाचे. माझ्या दवाखान्यात सकाळपासून स्पॅनिश. मी रोज वीस-पंचवीस मिनिटांच्या वर कधी दिली नाहीत, आणि क्रियापदांचे तक्ते अजूनही पाठ नाहीत. पण त्या वेळात फक्त उद्या लागणारी वाक्यं केली. आब्रा ला बोका, तोंड उघडा. ले दुएले आकी? इथे दुखतं का? त्यावर आजी जे काय धबाधबा सांगतात, त्यातलं न कळलेलं एक वाक्य असिस्टंटकडून लिहून घ्यायचं, संध्याकाळी तेच घोकायचं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून येतंच.

पुण्यात बसून हे जमणार नाही, मान्य. पण 'किती वेळ' याचं उत्तर तुमच्या भोवती भाषा आहे की नाही यावरही ठरतं, एवढंच म्हणायचंय.

हिशेबनीस

ताई, तुमचा दिवसभराचा दवाखाना हाच वर्ग आहे. तुम्ही रोज सहा तास देताय, बिल मात्र पंचवीस मिनिटांचं दाखवताय.

ह्यूस्टनची_दातवाली

दवाखान्यात मी दातच बघते हो! पण मुद्दा पोचला. फक्त त्या सहा तासांत मराठीसारखं ऐकून सोडून दिलं असतं तर काहीच आलं नसतं. इथे वीस-वीस वर्षं राहून 'ग्रासियास'च्या (धन्यवाद) पुढे न गेलेले आपले लोक आहेत.

मडगावकर

आमच्या घरात आजी-आजोबा पोर्तुगीज बोलायचे. त्यामुळे स्पॅनिश वाचायला मला अर्धा तासही लागला नाही, आणि बोलायला तोंड उघडलं की पोर्तुगीजच बाहेर येतं. शेजारची भाषा येत असेल त्यांनी वाचनावर वेळ फुकट घालवू नये, सगळा बोलण्यावर लावावा.

नवशिकी_नाशिक

सगळं वाचलं आणि आणखी गोंधळले. मला पुढच्या वर्षी स्पेनमध्ये मास्टर्सला अर्ज करायचाय. ए-टू, म्हणजे बी-वनच्या आधीची पातळी, संपत आलंय. मेमध्ये डेले, म्हणजे स्पेनची अधिकृत स्पॅनिश परीक्षा, बी-वनची द्यायची म्हणते. हातात पाच महिने, नोकरी चालू. रोज किती? एकच आकडा सांगा.

हिशेबनीस

दीड तास. सुट्टीच्या दिवशी तीन. पाच महिन्यांत अडीचशेच्या वर तास होतात.

सावकाश_माणूस

नोकरी सांभाळून रोज दीड तास पाच महिने! एप्रिलमध्ये ती इथे येऊन स्पॅनिश सोडल्याचा धागा काढेल. रोज ४० मिनिटं, आणि परीक्षा नोव्हेंबरची.

नवशिकी_नाशिक

नोव्हेंबर अर्जासाठी उशिरा पडतो.

चष्मेवाली

मग मेच धर. आकडा एक तास, पण आधी डेलेचा नियम ऐक. गुण दोन गटांत असतात: वाचन-लेखन ५०, ऐकणं-बोलणं ५०. प्रत्येक गटात किमान ३० लागतात. एका गटात ४८ आणि दुसऱ्यात २९ आले तर नापास. आपली मुलं नेहमी दुसऱ्या गटात आपटतात. त्या तासातली निदान ३५ मिनिटं ऐकणं-बोलण्याला दे, वाचन राहिलं तरी चालेल. तोंडी परीक्षेत एक फोटो दाखवतात, त्याचं वर्णन करायचं, आणि त्याची तयारी आधी करू देत नाहीत. रोज मोबाइलमधला कुठलाही फोटो काढ आणि दोन मिनिटं थांबता बोल. रेकॉर्ड कर. आठवड्याने तेच ऐक, स्वतःच्या चुका स्वतःलाच दिसतात.

हिशेबनीस

'न थांबता' म्हणायचं होतं ना?

चष्मेवाली

हो, न थांबता. आणि शनिवारी सराव परीक्षा घड्याळ लावून, पूर्ण. त्या दिवशीचा वेळ या तासात धरायचा नाही.

सावकाश_माणूस

म्हणजे झाला दीड तासच.