तटस्थ, अलिप्त की आणखी काही?

प्रश्न : जून २०२२ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथील परिषदेत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांना भारत कोणत्या गटात जाणार असे विचारण्यात आले, तेव्हा आपण कुंपणावर बसलेलो नसून स्वतःच्या जमिनीवर बसलो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. इंदूरमधील आमच्या वाचनमंडळासाठी त्यावर टिपण लिहिताना मी ‘भारताची तटस्थ भूमिका’ असे म्हटले आणि पुढे ‘१९७१ ची सोव्हिएत संधी’ हेही शब्द योजले. एका ज्येष्ठ सभासदांनी दोन्हींभोवती लाल शाईने गोल करून समासात ‘कोणता तट? कसली संधी?’ एवढेच लिहिले. आक्षेप रास्त आहे काय?

उत्तर : रास्त आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, प्रवाहात कोण तरते नि कोण बुडते याच्याशी ज्याला कर्तव्य नाही असा. पंच तटस्थ असावा; परंतु स्वतःच्या लाभ-हानीचा हिशेब मांडून जो देश कोणत्याच गोटात जात नाही, तो पंच नव्हे, पक्षकारच आहे, फक्त त्याचा पक्ष त्याचा स्वतःचा आहे.

‘अलिप्त’ म्हणजे लेप न लागलेला. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेपासून उभ्या राहिलेल्या चळवळीला मराठीत ‘अलिप्ततावादी’ म्हणण्याचा प्रघात आहे, तर हिंदीत ‘गुटनिरपेक्ष’. आम्हा इंदूरकरांच्या दारात सकाळी हिंदी वृत्तपत्र पडत असल्याने दोन्ही शब्द जिभेवर असतात, आणि (मराठीच्या अभिमान्यांनी क्षमा करावी) मला येथे हिंदी शब्द अधिक काटेकोर वाटतो, कारण तो गट नाकारतो, संबंध नाकारत नाही. ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा मैत्री करार करणाऱ्या भारताला ‘अलिप्त’ म्हणताना लेखणी अडखळते.

‘संधी’च्या बाबतीत मात्र हीच उसनवारी अंगाशी येते; हिंदीत ‘संधि’ म्हणजे राष्ट्रांमधील करार, मराठीत संधी म्हणजे अनुकूल वेळ. मराठी वाचक ‘सोव्हिएत संधी’ वाचून नोकरीची जाहिरात समजेल. ‘तह’ही नको, कारण त्याला लढाईचा वास आहे : २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांकडून हरल्यावर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला केला तो तह, ज्यात इतर राज्यांशी परस्पर बोलणी करण्याचा अधिकारही गेला. १९७१ चा तो करारच.

राहिले ते जमिनीवर बसणे. कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे जे सहा ‘गुण’ म्हणजे उपाय सांगितले त्यांत ‘आसन’ आहे, पण त्याचा अर्थ उपेक्षा करून स्वस्थ राहणे असा असल्याने तो येथे तोकडा पडतो. मी ‘आपल्या जागी ठाण मांडून’ असे लिहिले असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तसा बदल केला. ज्येष्ठांनी आता ‘ठाण’ शब्दाखाली रेघ ओढली आहे. ठाण मांडतो तो न बोलावता आलेला पाहुणा, घरमालक नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे.