आयफोन रिस्टोर करताना ३१९४ एरर: होस्ट्स फाइल नेमकी कशी दुरुस्त करावी?

चिंचोके
आयफोन ७ रिकव्हरी मोडमध्ये अडकलाय. लॅपटॉप विंडोज १०, सेकंडहँड, आधीच्या मालकाचं बरंच सॉफ्टवेअर त्यात तसंच आहे. आयट्यून्समध्ये फर्मवेअर (फोनची सिस्टीम) उतरतं, उलगडतं आणि 'व्हेरिफाय'पाशी येऊन ३१९४ देतं. केबल बदलली, आयट्यून्स काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. एका व्हिडिओत सांगितलंय की होस्ट्स फाइलमध्ये (कोणत्या नावाला कुठल्या पत्त्यावर जायचं ते लिहिलेली विंडोजची फाइल) '१२७.०.०.१ जीएस.ॲपल.कॉम' अशी ओळ टाका. टाकू का? फोनमधले फोटो शक्यतो वाचवायचेत.

खटपट्या
अजिबात टाकू नका. ३१९४ म्हणजे आयट्यून्सला ॲपलच्या सही देणाऱ्या सर्व्हरकडून होकार मिळाला नाही. त्या सर्व्हरचा पत्ता जीएस.ॲपल.कॉम. रिस्टोर करताना फोनचा ईसीआयडी (प्रत्येक फोनचा वेगळा) क्रमांक, फर्मवेअरची माहिती आणि त्या वेळेपुरता तयार झालेला एक यादृच्छिक आकडा तिकडे जातो आणि तिथून सही केलेलं तिकीट येतं. तिकीट नाही तर फोन फर्मवेअर घेतच नाही. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच लॅपटॉप. तो कुठून सही देणार?

हा सल्ला जेलब्रेकच्या (ॲपलची बंधनं तोडून फोन वापरायच्या) जमान्यातला आहे. टायनीअम्ब्रेला नावाचं टूल तेव्हा संगणकावरच नकली सर्व्हर चालवायचं, म्हणून त्या ओळीला अर्थ होता. शिवाय त्यात 'बाहेर पडताना होस्ट्स सिडियाकडे (जेलब्रेक फोनसाठीचं ॲप-दुकान) वळवा' अशा अर्थाचा एक चौकोन आधीपासूनच टिक केलेला असायचा. लोक टूल बंद करायचे आणि ओळ मागे राहायची. तुमच्या लॅपटॉपवर असंच काही उरलं असण्याची दाट शक्यता आहे. आधी ती फाइल उघडून बघा: सी ड्राइव्ह > विंडोज > सिस्टम३२ > ड्रायव्हर्स > ईटीसी, त्यात 'होस्ट्स', एक्स्टेन्शन नाही.

वायरमन
फाइल उघडण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करा, दोष कुठे आहे ते कळेल. कमांड प्रॉम्प्टमध्ये (सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं) आधी 'पिंग जीएस.ॲपल.कॉम', मग 'एनएसलुकअप जीएस.ॲपल.कॉम'.

खुबी अशी की पिंग होस्ट्स फाइल वाचतं आणि एनएसलुकअप ती न बघता थेट डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, सांगणारा) विचारतं. दोन्हींचे आयपी पार वेगळे आले तर गडबड होस्ट्स फाइलमध्ये. दोन्हीकडे सारखाच पण भलताच आला, म्हणजे ०.०.०.० किंवा १९२.१६८ वाला, तर राउटर किंवा डीएनएस बघा. जाहिराती अडवणारं डीएनएस लावलं असेल तर हमखास. १७ ने सुरू होणारा आयपी आला तर पत्ता ठीक आहे, कारण १७.०.०.० पासूनचा तो अख्खा गठ्ठा ॲपलच्या मालकीचा आहे.

पिंगला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर घाबरू नका, बरेच सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. पहिल्या ओळीतला आयपी तेवढा बघायचा.

दुपारचा_चहा
एवढं कशाला? होस्ट्स फाइल डिलीट करायची, विषय संपला.

वायरमन
विंडोजवर बहुधा निभावून जाईल. पण लॅपटॉप ऑफिसचा असेल तर व्हीपीएनसाठी किंवा आतल्या सर्व्हरसाठी टाकलेल्या ओळीही जातील. मॅकवर तर करूच नका, तिथे लोकलहोस्टच्या ओळी लागतात. ॲपलचं नाव असलेल्या ओळीच्या सुरुवातीला # लावलं की ती ओळ निष्प्रभ होते. पुसण्याचीही गरज नाही.

चिंचोके
पिंगला ७४.२०८.१०५.१७१ येतोय आणि एनएसलुकअपला १७ वाला. फाइलमध्ये खाली ती ओळ सापडली. # लावलं, पण सेव्ह करताना परवानगी नाही म्हणतो.

खटपट्या
सापडला चोर. तो जुना सिडियाचा आयपी आहे. फाइल अशी बदला:

१. स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. फाइलवर डबल क्लिक करून उघडली तर हक्क मिळत नाहीत, म्हणून हा उलटा रस्ता.
२. नोटपॅडमधून 'ओपन', त्या फोल्डरमध्ये जा आणि खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'ऐवजी 'ऑल फाइल्स' निवडा. नाहीतर फोल्डर रिकामाच दिसतो.
३. बदलाआधी मूळ फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवा.
४. कंट्रोल-एसनेच सेव्ह करा. 'सेव्ह ॲज' केलंत तर नोटपॅड मागे .टीएक्सटी चिकटवतं. मग फोल्डरमध्ये दोन फाइली होतात आणि विंडोज जुनीच वाचत राहतं. एक्स्प्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' टिक करून खात्री करा.
५. तरीही सेव्ह होत नसेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं 'रीड-ओन्ली' काढा. काही अँटिव्हायरस या फाइलला कुलूप लावतात, त्याचं होस्ट्स संरक्षण तेवढ्यापुरतं बंद करा आणि नंतर आठवणीने चालू करा.
६. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवा आणि आयट्यून्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

मग परत पिंग. १७ वाला आला की पुढे.

चिंचोके
पिंगला आता १७ वाला येतोय. तरी ३१९४! वेळ वाचावा म्हणून या वेळी शिफ्ट दाबून आधी उतरवलेली आयओएस १४ ची फाइल दिली होती.

मोडेम_काकू
अहो, मग ३१९४ येणारच! आता सर्व्हरपर्यंत पोचताय, पण सर्व्हरच नाही म्हणतोय. नवी आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत ॲपल जुनीवर सही देणं थांबवतं. आयफोन ७ ला आयओएस १५ च्या पुढे काही नाही, तेव्हा १५ मधली सर्वात शेवटची फाइल हवी. शिफ्ट न दाबता आयट्यून्सला उतरवू दिलीत तर ते आपोआप तीच घेतं.

अर्धवट उतरलेली फाइल हीसुद्धा कटकट असते. रनमध्ये %ॲपडेटा% टाका, तिथून ॲपल कॉम्प्युटर > आयट्यून्स > आयफोन सॉफ्टवेअर अपडेट्स. त्यातल्या जुन्या .आयपीएसडब्ल्यू (फर्मवेअरच्या) फाइली उडवा. (आयट्यून्स मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं असेल तर जागा वेगळी असते.)

फोटोंसाठी: रिकव्हरी मोडमध्ये आयट्यून्स 'अपडेट' आणि 'रिस्टोर' असे दोन पर्याय देतं. आधी अपडेट. त्यात डेटा ठेवून सिस्टीम पुन्हा बसते. रिस्टोर म्हणजे सगळं साफ.

आणि डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन रिकव्हरी मोडमधून बाहेर पडू शकतो. फाइल पूर्ण उतरू द्या, मग केबल लावलेली ठेवून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरा, केबल-संगणकाचं चित्र येईपर्यंत. ॲपलचा लोगो दिसला म्हणून मध्येच सोडू नका.

तिरकी_रेघ
हाच एरर असलेल्या इतरांसाठी. होस्ट्स स्वच्छ आणि फाइल ताजी असूनही अडत असेल तर:

संगणकाची तारीख-वेळ आधी बघा. घड्याळ मागे पडलं असेल तर सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि जोडणीच होत नाही. जुन्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, तिथे हे नेहमीचं.

पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन जीएस.ॲपल.कॉम -पोर्ट ४४३' चालवा. शेवटी 'ट्रू' यायला हवं. ८० पोर्टही तसाच तपासा. 'फॉल्स' आलं तर फायरवॉल.

'नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' मध्ये जुना प्रॉक्सी (जोडणी ज्यातून जाते तो मधला सर्व्हर) दिसला तर 'नेटश विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सी'. इंटरनेट ऑप्शन्समधला प्रॉक्सी वेगळा असतो, तोही बघा.

ऑफिस-कॉलेजच्या वायफायवर पोर्ट उघडा असूनही अडतं, कारण मधला प्रॉक्सी सुरक्षित जोडणी उघडून तपासतो आणि ॲपलच्या सेवांना ते चालत नाही. तिथे सेटिंग बदलत बसू नका, नेटवर्कच बदला. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या, पण रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर अख्खं फर्मवेअर उतरवू नका. फाइल ब्रॉडबँडवर आणून ठेवा आणि फक्त अपडेट करताना हॉटस्पॉटवर या. सहीच्या देवाणघेवाणीला डेटा नगण्य लागतो.

चिंचोके
ताजी फाइल, 'अपडेट' निवडलं. ३१९४ गेला! पण पट्टी अर्ध्यावर असताना ४०१३ आला.

वायरमन
मग सही मिळाली, नेटवर्कचा भाग संपला. आता होस्ट्सला हात लावू नका. ४०१३ म्हणजे काम चालू असताना फोनचा संपर्क तुटला. यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, केबल मूळ किंवा प्रमाणित वापरा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवून त्याची स्लीप बंद करा. दुसऱ्या संगणकावर एकदा करून बघा. तिथेही त्याच जागी थांबला तर हार्डवेअर, फोन दुरुस्तीला न्यावा लागेल.

दुपारचा_चहा
मॅकवाल्यांना काय वेगळं?

तिरकी_रेघ
फाइल /ईटीसी/होस्ट्स. टर्मिनलमध्ये 'सुडो नॅनो' ने उघडा, कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. कॅश साफ करायला 'सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर', यातली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत. कॅटलिनापासून आयट्यून्स नाही, रिस्टोर फाइंडरमधून. शिफ्टच्या जागी ऑप्शन.

मोडेम_काकू
रिस्टोरनंतर फोन जुना ॲपल आयडी मागू लागला तर तो ॲक्टिव्हेशन लॉक. तो होस्ट्स किंवा डीएनएस बदलून निघत नाही, मूळ मालकालाच काढावा लागतो. डीएनएस बदलून तो निघतो असं सांगणारे व्हिडिओ बघून वायफायमध्ये परके डीएनएस भरू नका.